रोपाचे देणे

घराणी पुरुषांच्या नावावर सांगण्याची रीत आहे. निंबटाकळीच्या बिरादारांचे घर मात्र बायकांच्या नावावर सांगावे लागते, कारण या घरातली तंबाखू बायकांनी केली. पहिली बसव्वा. तिने ओढ्याकाठच्या रानात देशी तंबाखू लावली आणि तिचे पान हैदराबादेपर्यंत हुक्क्यासाठी गेले. बसव्वाची सून नीलव्वा. तिच्या हातच्या विडीच्या तंबाखूला धर्माबादच्या बाजारात नाव होते. नीलव्वाची सून गंगव्वा. कंपनीची बर्ली, म्हणजे सिगारेटची तंबाखू, या शिवारात प्रथम तिनेच आणली आणि म्हातारपणी रान दोन मुलांत वाटून देताना मधला बांधही तिनेच आखला. गंगव्वाची थोरली सून महामाया.

या चौघींनी एक नियम मोडला नाही. तंबाखूचे बी राईहून बारीक असते, त्याचे रोप करणे म्हणजे तान्हे मूल वाढवणे. ते रोप विकायचे नाही आणि विकत आणायचे नाही. भावकीत कुणाचे रोप गेले तर द्यावे. घेणारीने पुढे रोपानेच फेडावे. पैशाने नाही, धान्याने नाही, लुगड्याने नाही. देणारीच्या रानातली शेवटची ओळ भरली की तिने बांधावर उभे राहून ‘फिटलं’ म्हणावे. तो शब्द येईपर्यंत देणे उभे.

महामायेवर असे एक देणे उभे होते. गंगव्वा गेली त्या श्रावणात थोरली सून म्हणून ती उंबऱ्याबाहेर पडली नाही आणि तेवढ्या दिवसांत तिच्या गादीवाफ्यांवर मर आली. रोपे बुडाशी काळी पडून आडवी झाली. तेव्हा धाकट्या जावेने, आरतीने, आपल्या वाफ्यांतून महामायेचे सगळे रान भरून दिले. देताना ती हसली होती. ते हसणे दिलदारीचे होते की आणखी कशाचे, याचा निवाडा महामायेने त्याच दिवशी करून टाकला होता.

त्यानंतर आरतीचे वाफे कधी गेलेच नाहीत. दर साली महामाया आपल्या गरजेपेक्षा जास्त वाफे टाकी. मेलेल्या रोपांचे नांगे भरायला लागतात, असे सांगे. लावण उरके, नांगे भरून होत, आणि जास्तीची रोपे वाफ्यातच जून होऊन उकिरड्यावर जात. सून मनिषा ती पाटी भरून टाकताना एकदा म्हणाली होती, “आत्याबाई, उकिरड्याचं देणं तर कवाच फिटलं असंल.” त्यावर महामाया तिच्याशी आठवडाभर बोलली नव्हती.

यंदाच्या मृगात तंबाखूचे पान घेणाऱ्या कंपनीचे शरदचंद्र साहेब आले ते थेट आरतीच्या ओसरीवर बसले. पूर्वी ते आधी थोरल्या घरी येत. महामायेने आपल्या दारातून त्यांची मोटारसायकल पाहिली, चहाचे आधण उतरवून ठेवले आणि पदर नीट करून धाकट्याच्या ओसरीवर गेली. तिला पाट कुणी दिला नाही. तिने स्वतःच भिंतीकडचा ओढून घेतला.

“औंदा नवं वाण द्यायचं हाय,” साहेब सांगत होते. “लवकर येतं, पान रुंद. एकाच रानात दाखवायला करायचं. आरतीताई तयार हायत. बांधावर पाटी लावू.”

“आनि बाकीच्यायला?” महामायेने विचारले.

“तुमचं जुनं बँकेट वाणच बरं हाय, आजी. तुमाला त्याची सवय हाय.”

आजी हा शब्द तिला लागला. आरतीला ताई आणि आपल्याला आजी. दोघींत अंतर ते किती! आरती बशी पुढे करीत म्हणाली, “अक्काला सवईचंच लागतं. चहा घ्या अक्का, साखर कमी टाकली हाय तुमच्यासाठी.”

“माझी साखर तू मोजू नको,” महामाया म्हणाली, आणि तरी चहा प्यायली. कारण न पिता उठणे म्हणजे हरणे होते.

पाटी लागली. हिरव्या पत्र्यावर पांढरी अक्षरे, खाली आरतीचे नाव. महामायेच्या रानात कोणत्याही कोपऱ्यात उभे राहिले तरी ती दिसे.

तिने आपला राग वाफ्यांवर काढला. गंगव्वाने शिकवले होते तसे वाफे गुडघाभर उंच केले, वर तुरीचे भुसकट पसरून जाळले, राख विस्कटली, मग बी वाळूत कालवून मुठीने फेकले आणि गवताने झाकले. मोरचूद आणि चुन्याचे पाणी तयार ठेवले. रानासाठी शेणखत आणि एरंडीची पेंड आली. तिचा नवरा मन्मथ दुकानातून लाल पोटॅशचे पोते घेऊन आला तेव्हा तिने ते उतरवूच दिले नाही.

“मिठाचं खत हाय ते. पान ओलं ऱ्हातं, विस्तू धरत न्हाई. माघारी न्या.”

“दुकानदार म्हनला, समदे नेतेत.”

“समदे ऊस लावतेत. तुमी काय लावून राहिले?”

मन्मथ मवाळ माणूस. त्याने बैलगाडी वळवली आणि सल्फेटचे पोते घेऊन आला.

वाफे उगवले. केसासारखी रोपे, मग पैशाएवढी पाने. आणि भादव्यात पाऊस असा लागला की ओढ्याने रस्ता तोडला. महामाया छत्री न घेता वाफ्यांवर जाई. चर मोकळे करी, मोरचुदाचे पाणी फवारी, आडवे झालेले प्रत्येक रोप चिमटीने उचलून लांब फेकी. तिच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या, नखे निळी पडली. तिचा एक वाफा गेला. बाकीचे तगले.

बांधापलीकडे आरतीचे वाफे सपाट होते. विहिरीजवळ, पाणी घालायला सोपे म्हणून केलेले. पाऊस उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांवर हिरवी जाळी चढली. आरती रोज सकाळी झारी घेऊन येई, जाळी उचली, पाणी घाली, जाळी टाकी.

महामाया एरंडाच्या ओळीत उभी राहून पाहत असे. बांधावरचा एरंड तंबाखूच्या अळीला भुलवण्यासाठी असतो. पतंग आधी त्यावर अंडी घालतो आणि बायका अंडी असलेली पाने खुडून रॉकेलच्या पाण्यात बुडवतात. ते काम सकाळचे. त्यामुळे तिथे उभे राहण्याला कुणी नाव ठेवू शकत नव्हते.

चार सकाळी पाहिल्यावर ती मनिषाला म्हणाली, “तिचे वाफे गेले.”

“कशावरून? पानी तर घालून राहिल्या काकू.”

“पानी घालती. पन तण काढायला एकदा तरी बसली का? जित्या वाफ्यात बाई बसल्याबिगर ऱ्हात न्हाई.”

हे बोलताना तिच्या छातीत जे उसळले त्याला आनंदाशिवाय दुसरे नाव नव्हते. इतक्या वर्षांनी दिवस आला होता. आता आरती बांध ओलांडून येईल. दारात उभी राहील. आपण तिला पाट देऊ, पाणी देऊ आणि ती मागेपर्यंत काही बोलणार नाही. महामायेने त्या दिवशी ओसरी सारवून घेतली.

आरती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी तिचा नवरा रामलिंग टेम्पोने तेलंगणाच्या बाजूला गेला आणि दुपारी ओल्या पोत्यांत गुंडाळलेली रोपे घेऊन आला. मजूर लावून त्यांनी ती लावलीही.

“इकत आनलं,” महामाया भिंतीला टेकून म्हणाली. “गंगव्वाच्या सुनेनं रोप इकत आनलं.”

मन्मथ म्हणाला, “आगं, त्यायची अडचन. तुला काय तकलीफ?”

“माझ्या वाफ्यात रोप उभं हाय. तिला दिसतं. तरी परमुलखात जाऊन पैसा टाकून आली, कशापायी? माझं देनं फिटू नये म्हनून. मी जन्मभर मान खाली घालून तिच्या म्होरून जावं म्हनून.”

मन्मथने मान हलवली. त्याला ते खरे वाटले असावे.

महामायेने आपली लावण उरकली. जुन्या बँकेटची रोपे सरीवर जोमाने धरली. जास्तीच्या वाफ्यांतली रोपे मात्र तिने टाकली नाहीत. ती फार वाढू नयेत म्हणून त्यांची वरची पाने विळ्याने अर्धी छाटली. अशाने रोप थोपते, बुंधा जाड होतो. पण थोपवायलाही हद्द असते. मनिषा विचारी, “आता ह्यायला कशाला पानी, आत्याबाई?” महामाया पाणी घालतच राही.

लावण होऊन पंधरवडा झाला असेल. एरंडाच्या ओळीत अंडी शोधता शोधता महामायेचा हात थांबला. पलीकडे आरतीच्या पहिल्या सरीतली रोपे आता तळहाताएवढ्या पानांची झाली होती. गर्द हिरवी, दिसायला देखणी. इतकी देखणी, की तिच्या तोंडाला कडू पाणी सुटले. मग तिने नीट पाहिले. बर्लीचे पान कोवळेपणापासून पोपटी असते आणि त्याचा देठ, मधली शीर पांढुरकी, मुळ्याच्या देठासारखी. इथे शीर हिरवी होती. सबंध सरीत हिरवी होती.

ती बांधाच्या कडेला बसली. तेलंगणाच्या माणसाने बर्ली म्हणून देशी तंबाखूचे रोप गळ्यात मारले होते. कंपनी त्यातले एक पानही घेणार नव्हती. आणि बांधावर पाटी उभी होती.

घरी येऊन ती जेवली नाही. त्या दिवसापासून तिचे अन्न तुटले. सकाळी ती एरंडाजवळ जाई, हिरवी शीर पाही आणि समाधानाने परत येई. घरी पोहोचेपर्यंत ते समाधान आंबून जाई. मेहनतीशिवाय, शब्द न बोलता, आरतीचे सगळे जाणार होते. नुसते गप्प बसायचे होते. खताचा पहिला हप्ता पडला की मग उपटून लावायला सवड उरत नाही. आरती हप्ता टाकत नव्हती, हेही तिच्या ध्यानात आले. पोती बांधाला तशीच टेकून होती. म्हणजे तिलाही कळले होते. ती रोज सरीतून हिंडे, एखाद्या रोपाशी वाके, पान उलटे करून पाही आणि चोरट्या नजरेने बांधाकडे बघे.

“फुडच्या आठवड्यात साहेब लोक घिऊन येनार हायत, आरतीची तंबाखू दाखवायला,” मन्मथ जेवताना म्हणाला. “ते हिरवं बघून काय म्हनतेत कोन जाने. सारा गाव हळहळंल बिचारीसाठी.”

महामायेचा घास हातात राहिला. बिचारी! हे तिने मनात आणलेच नव्हते. सगळे गाव आरतीच्या ओसरीवर बसेल. फसवलं गरिबाला, म्हणतील. कुणीतरी म्हणेल, हिनं थोरलीला एका साली सबंध रान भरून दिलं होतं, आन थोरलीच्या वाफ्यात रोप असून तिनं दिलं न्हाई. आरती डोळ्याला पदर लावील आणि त्या पदराआडून तसेच हसेल. नुकसानीतही मान तिलाच मिळेल.

महामायेने ताट सारले, हात धुतला आणि भर उन्हात निघाली.

आरती विहिरीच्या धक्क्यावर बसली होती. जावेला बांध ओलांडताना पाहून ती उठली नाही.

“या अक्का. एवढ्या उन्हाचं?”

“रोप बर्लीचं न्हाई तुझं.”

“कोन म्हनलं?”

“शीर म्हनली.”

आरतीने ओठ मुडपले. “आमच्या रानाला हिरवंच पिकतंय. नवं वाण हाय ते.”

“नवं वाण माझ्या वाफ्यात न्हाई; पन गध्याला घोडं मी म्हननार न्हाई. उपट.”

“उपटून काय लावू? माती?”

महामायेने बांधापलीकडे आपल्या वाफ्यांकडे पाहिले. आरतीने मान वर केली. तिचे डोळे लाल होते, पण आवाज खणखणीत होता.

“मी मागावं म्हनून आल्या तुमी. म्हैनाभर वाट बघून राहिल्या. वाफे छाटून छाटून ठिवले, मला दिसत न्हाई का? न्हाई मागायची मी. ह्या घरात आले तवापासून समदं थोरलीचं. थोरलीचा सैपाक, थोरलीचा हात, थोरलीचं पान. गंगव्वामामीनं मरताना चावी बी तुमालाच दिली. माझ्यापाशी तुमचं एक देनं तेवढं होतं. तेवढंच. ते बी घ्यायला आल्या?”

विहिरीत पारवे घुमत होते. महामायेला प्रथम वाटले की आपण चुकीचे ऐकले. इतकी वर्षे ती जिच्यावर जळत होती, तीच उलट तिच्यावर जळत होती. आणि त्या ऐकण्याने तिला जो गारवा वाटला तो लपवायला तिने आवाज चढवला.

“मागू नको. मागावं लागतं ते उसनं. देनं मागावं लागत न्हाई, घेनाऱ्यानं आनून द्यायचं असतं. सांजच्याला हे रान खाली पायजे मला. रामलिंगाला सांग, सऱ्या भिजव.”

“जुनं बँकेट माझ्या पाटीखाली?”

“पाटी वाचायला साहेब येतेत. पान बघायला मी येते.”

आरती हसली नाही. पण संध्याकाळी ती आणि रामलिंग हिरवी रोपे उपटून बांधावर रचताना दिसली.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच महामायेने वाफे भिजवले, म्हणजे मुळे तुटू नयेत. मनिषा आणि ती रोपे काढू लागल्या. जाड बुंध्याची, छाटलेल्या पानांची, पांढऱ्या शिरेची. ओल्या गोणपाटात गुंडाळून पहिली पाटी तिने स्वतःच्या डोक्यावर घेतली. बांधावरून जायला चार पावले होती. ती बांधावरून गेली नाही. गावरस्त्याने, मारुतीच्या पाराला वळसा घालून गेली. पारावर बसलेल्यांनी पाहिले. सिद्रामप्पा न्हाव्याने विचारले, “काय वं महामायाबाय, पाटीत काय?”

“देनं हाय,” ती म्हणाली, आणि मान ताठ ठेवून पुढे गेली. पाटीतले पाणी तिच्या कानामागून मानेवर उतरत होते.

लावण करायला तिने मजूर घेऊ दिले नाहीत. ती पुढे, मागे मनिषा, पलीकडच्या सरीला आरती. बोटाने भोक, रोप, अंगठ्याने माती. वाकलेली कंबर दुपारपर्यंत लाकडासारखी झाली. आरतीने एकदा तांब्या पुढे केला. महामायेने पाणी घेतले, पण सावलीत बसली नाही. गुडघ्यात कळ आली की ती टेकत असे आणि टेकूनच पुढे सरकत असे.

“अक्का, तुमची ओळ वाकडी चालली,” आरती म्हणाली.

“डोळे फुटले का तुझे? सरी वाकडी हाय. रामलिंगानं मारलेली.”

मनिषाने तोंडात पदर कोंबला.

उन्हे कलली तेव्हा रान भरत आले होते. ओढ्याकडची शेवटची ओळ उरली आणि पाटीतली रोपे संपली. भादव्यात गेलेल्या त्या एका वाफ्याचा हिशेब आता समोर उभा राहिला. मनिषा रिकाम्या वाफ्यांवर जाऊन आली. उरली होती ती पिवळी, लोंबलेली, टाकाऊ.

आरती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर थकवा होता आणि त्या थकव्यातून काहीतरी उजळत होते.

“बास झालं, अक्का. ऱ्हाऊ द्या. एक ओळ तर हाय. मी लावीन मिरच्या.”

महामायेने तिच्याकडे पाहिले. ती एक ओळ आरतीला हवी होती. सोन्याच्या तुकड्यासारखी जपून ठेवायला हवी होती. एक ओळ राहिली, की शब्द राहिला.

“मनिषा, खुरपं आन.”

“कशाला, आत्याबाई?”

“आन म्हनलं ना.”

ती बांध ओलांडून आपल्या रानात गेली. पहिल्या लावणीची तिची रोपे आता वीतभर रुंद पानांची होती. बांधालगतची ओळ सगळ्यांत जोमदार, कारण तिला खत तिने स्वतःच्या मुठीने घातले होते. तिने पहिल्या रोपाभोवती खुरप्याने गोल घेतला आणि मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट ते उचलले. मनिषा ओरडली, “आवो, ते आपलं धरलेलं रोप हाय!”

“म्हनून तर. मेलेलं देऊन देनं फिटतं का?”

एकेक गड्डा दोन्ही हातांत धरून ती बांध ओलांडे, लावी, तांब्याने पाणी घाली आणि परत जाई. मन्मथ येऊन बघत राहिला. काही वेळाने त्याने धोतराचा काचा मारला आणि तोही गड्डे उचलू लागला. रामलिंग पाणी आणू लागला. आरती मात्र जागची हलली नाही. थोरलीच्या रानात एक सबंध ओळ उघडी पडत चालली होती, काळ्या खड्ड्यांची, आणि तिच्या रानात तीच ओळ उभी राहत होती.

शेवटचे रोप ओढ्याच्या काठाशी बसले. महामायेने माती दाबली. उठताना तिला उठवेना; मन्मथने हात पुढे केला तो तिने नाकारला, खुरपे जमिनीत रोवून त्याच्या आधाराने ती उभी राहिली. लुगडे गुडघ्यापर्यंत चिखलाने जड झाले होते.

“शेवटची ओळ भरली,” ती म्हणाली. “बांधावर ये.”

आरती बांधावर आली. दोघींमध्ये एरंडाचे एक झाड होते. रामलिंग आणि मन्मथ खाली बघत उभे राहिले.

“अक्का, एवढी काय घाई हाय...”

“म्हन.”

आरतीने आपल्या रानाकडे पाहिले, मग थोरलीच्या रानातल्या त्या उघड्या ओळीकडे. तिने पदराने तोंड पुसले. खालचा ओठ दातांत धरून सोडला.

“फिटलं,” ती म्हणाली.

“मोठ्यानं म्हन. ओढ्यापलीकडं ऐकू जाऊ दे.”

“फिटलं!” आरती ओरडली. तिचा आवाज मध्येच चिरकला. “फिटलं, फिटलं, फिटलं! झालं समाधान?”

“झालं,” महामाया म्हणाली. खुरप्याची माती तिने बोटाने निपटून काढली. “आता उद्यापासून तुझा एरंड माझ्या बाजूला झुकू देऊ नको. सावली पडती माझ्या पानावर.”

आणि कंबर धरून, पण मान वर करून, ती आपल्या बांधावरून घरी गेली.